हौशी बॉक्सरने वजनगट कसा निवडावा, कसा राखावा

व्यावसायिक लढतीत बहुतेकदा आदल्या दिवशी एकदा वजन झालं की सुटका. हौशी बॉक्सिंगमध्ये ज्या दिवशी लढत, त्या सकाळी पुन्हा काटा, आणि काही तासांत रिंग. पाच लढतींचं सुवर्ण म्हणजे पाच वजनं. म्हणून एका रात्रीत घाम गाळून गाठता येतो तो गट आपला नव्हे. आठ-दहा दिवस पेलतो तो आपला.

सप्टेंबर 2018 मध्ये मेरी कोम पोलंडमधल्या ग्लिविसला उतरली तेव्हा 48 किलोच्या गटासाठी वजन दोन किलो जास्त होतं आणि हाती जेमतेम चार तास. तासभर सलग दोरीच्या उड्या मारून ती काट्यात बसली, सुवर्णही जिंकली. नवख्यांनी याची नक्कल करू नये. दोन किलो म्हणजे अंगातलं चार टक्के वजन. एवढं पाणी गेलं की पाय जड होतात, समोरचा ठोसा उशिरा दिसतो.

चार-पाच आठवडे आधीपासून रोज सकाळी, शौचानंतर, उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन घ्या. रात्री झोपतानाचंही लिहा. झोपेत साधारण अर्धा-एक किलो उतरतं. स्वतःचा आकडा ठाऊक असला की आदल्या रात्री घबराट होत नाही. चरबी आठवड्याला अर्धा किलोच्या बेतानेच कमी करा, घाई केली की स्नायूही झिजतो. शेवटचे दोन दिवस पालेभाज्या, कोशिंबीर, कडधान्यं थांबवून मऊ भात, अंडी, दही घ्या. आतडं हलकं राहतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांना हात लावू नका. त्या डोपिंगच्या बंदी यादीत आहेत.

काट्यावरून उतरल्यावर घामात गेलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर ओआरएस, घोटघोट. नुसतं पाणी ढोसलं तर बरंचसं लघवीवाटे जातं. सोबत केळी, इडली, तेलकट नको.

तरीही दर स्पर्धेला ओढाताण होत असेल तर वरच्या गटात जा, पण किंमत ओळखून. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे 51, 60 आणि 75 किलो हे तीनच गट होते. 46 आणि 48 किलोत जगज्जेती ठरलेल्या मेरीला 51 मध्ये जावं लागलं. कांस्य मिळालं, उपांत्य फेरीत तिच्याहून उंच, ब्रिटनच्या निकोला अ‍ॅडम्सकडून हार झाली. वर जाणाऱ्याने आधी लांब हाताच्या जोडीदाराबरोबर स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती, वाढवावं, आत शिरणं आणि बाजूला सरकणं पक्कं करावं. वाढीच्या वयातल्या मुलामुलींचं वजन मात्र उतरवूच नये. त्यांचा गट बदलावा.