आवडता गायक रेडिओवर लागावा, तर पत्र असं लिहा

सेलूला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मशीनशेजारच्या फळीवर रेडिओ दिवसभर चालू असतो. कापडावर कात्री चालू असली की नजर वर काढता येत नाही, पण कान मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांनी मी आमच्या आबांची वाट बघत असते. आबा गोंधळी. माझ्या नात्याचे नाहीत, पण पंचक्रोशी त्यांना आबाच म्हणते. लग्नघरच्या अंगणात दिवटी पेटवून, संबळ-तुणतुण्यावर पहाटेपर्यंत उभा राहून गाणारा हा माणूस रेडिओवर मात्र कधीमधीच ऐकू येतो. तो जास्त ऐकू यावा म्हणून आम्ही पाच-सहा जणी बारा वर्षं पत्रं लिहायलोत. त्यात जे शिकलो ते सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्या कलावंताचं ध्वनिमुद्रण तुमच्या आकाशवाणी केंद्रात आहे का? ते नसेल तर हजार पत्रं टाकली तरी लावणार काय? आकाशवाणीवर लोकसंगीत गायचं तर कलावंताला स्वरचाचणी द्यावी लागते. त्यात उतरला की बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळते, सगळ्यांत वर टॉप. श्रेणी मिळाली की केंद्र त्याला बोलावून स्टुडिओत गाणं मुद्रित करतं, मानधन देतं, आणि ते मुद्रण केंद्राच्या संग्रहात राहतं. म्हणून कलावंत नवा असेल तर चाहत्याचं पहिलं काम अर्ज भरून देण्याचं. आबांना चार ओळी लिहायच्या म्हटलं की घाम फुटतो. त्यांचा अर्ज माझ्या मुलीनं भरला, आणि चाचणीच्या दिवशी शेजारचा पोरगा त्यांना मोटरसायकलवर परभणीला घेऊन गेला. ही मदत शंभर पत्रांच्या बरोबरीची आहे.

दुसरं, कार्यक्रम ओळखा. फर्माईशीच्या कार्यक्रमात बहुतेक करून चित्रपटगीतं आणि बाजारात आलेल्या रेकॉर्डी लागतात. आबांच्या गोंधळाची मागणी तिथं केली तर ते पत्र बाजूलाच पडणार. आम्ही पहिली दोन वर्षं हेच केलं. लोकसंगीताचा कार्यक्रम वेगळा, शेतकऱ्यांचा वेगळा, बायकांचा वेगळा. आठवडाभर ऐका, वार आणि वेळ वहीत टिपा, मग लिहायला बसा.

आता पत्र. पोस्टकार्ड ५० पैशांचं, पण त्यावर काय लिहिता याला किंमत आहे. वर कार्यक्रमाचं नाव. खाली गाण्याची पहिली ओळ, गायकाचं पूर्ण नाव, माहीत असेल तर गीतकार आणि संगीतकारही. मग तुमचं नाव आणि गाव. गाव ठळक लिहा. निवेदकाच्या तोंडून वालूर, चिकलठाणा अशी नावं आली की तिथली चार घरं पुढच्या वेळी आवर्जून रेडिओ लावतात. पत्ता साधा: आकाशवाणी, परभणी ४३१४०१. एका कार्डावर एकच मागणी. कार्यक्रम आधीच आखलेले असतात, म्हणून सणासाठी गाणं हवं असेल तर नवरात्राचं पत्र पोळ्याच्या आधीच पेटीत पडलं पाहिजे.

एक चूक आमच्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. एका वर्षी मी एकाच रात्री ४० कार्डं लिहिली. नावं वेगवेगळी, अक्षर माझं, मजकूर एकच. त्यातलं एकही लागलं नाही. पुढं एका केंद्राच्या श्रोता मेळाव्यात तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, "ताई, अक्षर आम्हाला ओळखू येतं. चार बायांनी आपापल्या हातानं चार कार्डं लिहिली असती तर आम्हाला चार श्रोते दिसले असते." तेव्हापासून ज्याचं कार्ड त्यानंच लिहायचं. लिहिता येत नाही अशा आमच्या सखूमावशी सांगतात, नात लिहिते, आणि खाली मावशींचा अंगठा असतो.

पण मला सगळ्यांत मोठी वाटते ती पोच. गाणं मागणारी पत्रं पुष्कळ जातात. गाणं लागल्यावर "ऐकलं" म्हणून कळवणारा क्वचित. रेडिओवाल्याचं काम बंद खोलीत चालतं. पलीकडं कुणी ऐकतंय की नाही हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. गाणं लागलं की त्याच दिवशी कार्ड टाका: तारीख, वेळ, कुठं बसून ऐकलं, काय आवडलं. मी एकदा लिहिलं होतं, "आबांनी आईचा उदो म्हटला तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तिघींनी हात जोडले." ते पत्रोत्तराच्या कार्यक्रमात वाचून दाखवलं, आणि महिन्याभरात आबांचं दुसरं मुद्रण लागलं. पत्रामुळंच लागलं असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून पोच चुकवली नाही.

नाव चुकीचं सांगितलं गेलं तर तेही कळवा, पण नीट. एकदा आबांचं आडनावच दुसरं सांगितलं. आबा रात्रभर गप्प होते. आम्ही रागाचं पत्र फाडून टाकलं आणि साधं लिहिलं: गाणं फार आवडलं, गायकाचं नाव असं आहे. पुढच्या वेळी बरोबर आलं.

थेट फोनचा कार्यक्रम असेल तर बोलण्याआधी घरातला रेडिओ बंद करा, नाहीतर आवाज घुमतो. आधी गाणं सांगा, घरच्यांची नावं मागून.

खासगी एफएमवर कोणती गाणी लागणार हे बहुधा वरूनच ठरलेलं असतं, तिथं आमची फार डाळ शिजली नाही. तरी आरजेला स्थानिक माणसाशी गप्पा हव्या असतात. गाणं नाही तर मुलाखत मागा. कम्युनिटी रेडिओचं तसं नाही. छत्रपती संभाजीनगरचं एमजीएमचं ९०.८ आहे तसं केंद्र जवळ असेल तर प्रत्यक्ष जाऊन भेटा. त्यांचं प्रक्षेपण १०-१५ किलोमीटरच पोचतं, पण त्यांना आसपासचेच कलावंत हवे असतात. जाताना ध्वनिमुद्रण चांगलं न्या, व्हॉट्सॲपवर फिरून फिरून चिरकलेलं नको. सोबत कागदावर गायक, गीतकार, वादक, गाण्याची लांबी आणि कलावंताची लेखी परवानगी.

आणि ऐकणारे वाढवा. आमची निम्मी पोरं चाकणला कंपन्यांत आहेत. त्यांच्या मोबाईलवर मी न्यूज ऑन एआयआर हे ॲप टाकून दिलंय, त्यावर देशभरातली आकाशवाणीची केंद्रं ऐकू येतात. म्हाताऱ्यांना जुना सेटच बरा वाटतो. परभणी केंद्र मी मीडियम वेव्हच्या १३०५ किलोहर्ट्झवर ऐकत मोठी झाले. मीडियम वेव्हवर खरखर आली तर सेट आहे त्या जागी हळूहळू फिरवून बघा. आतल्या एरियलला दिशा लागते. आमचा सेट खिडकीकडं तिरपा ठेवला की आबांचं तुणतुणंसुद्धा वेगळं ऐकू यायचं.

पोळ्याला अजून तीन आठवडे आहेत. सखूमावशींची नात संध्याकाळी येणार आहे, कार्डं आणून ठेवलीत.