आई-लेकीची अदलाबदल लिहिताय? या चुका टाळा

सकाळी उठल्यावर आई लेकीच्या शरीरात आणि लेक आईच्या, ही कल्पना सुचली की लिहिणाऱ्याला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. हौशी नाट्यसंस्थांच्या आणि शॉर्टफिल्म करणाऱ्या मुलांच्या संहिता मी बरीच वर्षं वाचून देते. त्यात अशी एखादी अदलाबदल हमखास असते. पहिली पाच पानं धमाल जातात आणि दहाव्या पानाच्या आसपास गाडी रुतते. रुतायच्या जागाही बहुतेक त्याच असतात.

हा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण आई-बाप आणि मुलं यांच्यातलं भांडण इतक्या थेट दुसऱ्या कुठल्याच विनोदात येत नाही. त्याचं मूळ जुनं आहे. 1882 साली लंडनमध्ये एफ. ॲन्स्टी या लेखकाची 'व्हाइस व्हर्सा' ही कादंबरी आली, तिच्यात बाप आणि शाळकरी मुलगा यांची अदलाबदल होते. मेरी रॉजर्स यांनी 1972 मध्ये 'फ्रीकी फ्रायडे' लिहून ती आई-लेकीवर आणली. त्यावर 1976 मध्ये सिनेमा झाला आणि 2003 मध्ये पुन्हा झाला. आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो हा दुसरा, मार्क वॉटर्स यांनी दिग्दर्शित केलेला, जेमी ली कर्टिस आणि लिंडसे लोहान यांचा. शिकायचं असेल तर तोच समोर ठेवा. खाली मी पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच वळणार आहे.

नकलेवर गोष्ट उभी करू नका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. आईचं काम करणारी नटी उड्या मारते, च्युइंगम चघळते, 'ब्रो' म्हणते. लेकीचं काम करणारी मुलगी कमरेवर हात ठेवून पंखे बंद करत फिरते. पहिल्यांदा लाफ्टर येतो, दुसऱ्यांदा थोडा कमी, चौथ्यांदा प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करतात. नक्कल हा मसाला आहे, भाजी वेगळी हवी.

2003 च्या सिनेमात ती भाजी काय आहे ते पाहा. ॲना आईला सांगत असते की इंग्रजीचे शिक्षक मुद्दाम नापास करतात. आईला, म्हणजे टेसला, ती पळवाट वाटते. मग टेस स्वतः लेकीच्या शरीरात त्या वर्गात बसते, बिनचूक उत्तर देते आणि तरीही तिला तोच शेरा मिळतो. तेव्हा तिला कळतं की या माणसाला आपण शाळेत असताना नकार दिला होता, त्याचा राग तो पोरीवर काढतोय. लेक खरं बोलत होती. तिकडे ॲना आईच्या शरीरात धाकट्या भावाच्या शाळेत पालक म्हणून जाते. ज्या भावाला ती डोकेदुखी समजते, त्याने बहिणीचं कौतुक करत निबंध लिहिलाय, हे तिला तिथे कळतं.

अदलाबदलीच्या प्रत्येक गोष्टीत हे हवंच, असं माझं ठाम मत आहे. दोघींची एकमेकींविरुद्ध एकेक जुनी तक्रार हवी आणि दोन्ही खऱ्या निघायला हव्यात. फक्त लेकच शहाणी झाली तर ते आई-बाबांनी लिहून घेतलेलं भाषण वाटतं. फक्त आईलाच पश्चात्ताप झाला तरी तेच, उलट बाजूने. संहिता अडली की मी लिहिणाऱ्याला एकच प्रश्न विचारते: आईचं कुठलं म्हणणं लेकीने आजवर खोटं मानलं, आणि लेकीचं कुठलं आईने? उत्तर आलं की दहावं पान आपोआप सुटतं.

आधी मूळ माणसं दिसू द्या

पडदा उघडला आणि तिसऱ्या मिनिटाला वीज चमकली, असं करू नका. आई चहा गाळताना काय करते, लेक चिडली की केस कुठे खोवते, हे प्रेक्षकांनी अदलाबदलीच्या आधी पाहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर नंतर ती लकब दुसऱ्या शरीरात दिसली तरी ओळखू येणार नाही. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत आठ-नऊ मिनिटं यासाठी ठेवाच. लकबी तीनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर नटीचं बेअरिंग सुटतं.

क्रियापद आणि हाक

हा भाग इंग्रजी सिनेमातून शिकता येत नाही, तो आपल्या भाषेचा आहे. इथे चुका सगळ्यात जास्त होतात आणि हाती लागण्यासारखं सोनंही इथेच आहे.

इंग्रजीत मी जातो आणि मी जाते यांत फरक नाही. मराठीत तोंड उघडलं की बाई की पुरुष ते कळतं. त्यामुळे आई आणि मुलगा, किंवा बाप आणि मुलगी अशी अदलाबदल लिहिणार असाल तर पहिल्याच वाक्याला बिंग फुटायला हवं, किंवा ते कसं फुटत नाही हे तरी ठरवायला हवं. कित्येक संहितांमध्ये मुलगा आईच्या शरीरात शिरल्या क्षणी 'मी येते, मी करते' असं बिनचूक बोलू लागतो. लेखकाने विचारच केलेला नसतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या जिभेला 'येतो' असंच वळण असणार. तो घसरेल, सावरेल आणि मग एखादा हुशार मुलगा पळवाट शोधेल. 'मी जाईन', 'मी जेवेन' या भविष्यकाळात लिंग दिसत नाही. 'मी चहा केला' यातही दिसत नाही, कारण तिथे क्रियापद चहाच्या मागे जातं. 'मला पाहिजे' हेही सुरक्षित. म्हणजे आईच्या शरीरातला हा पोरगा दिवसभर भविष्यकाळात बोलेल. सासूबाईंनी विचारलं, "काय करतेस गं?" तर उत्तर, "भाजी चिरेन." हातात तर चिरलेली भाजी. असा प्रसंग एका मुलाने लिहून आणला होता, तेव्हा वाचनाला आम्ही सगळे लोटपोट झालो होतो. हा विनोद फक्त मराठीतच होऊ शकतो.

कोल्हापूरकडच्या संहितेत मात्र हे चालणार नाही. तिकडे मुलीही सर्रास 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. गोष्ट कुठल्या गावात घडते ते ठरवूनच हा डाव टाका.

आई-लेकीच्या जोडीत क्रियापद वाचवतं, पण हाक पकडते. बहुतेक घरांत बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते, नवरा बायकोला 'अगं'. मुलं बाबांना कुठे 'अहो बाबा' म्हणतात, कुठे 'ए बाबा'. तुमच्या घरात काय चालतं ते पहिल्या प्रसंगातच ऐकवा. समजा सई घरी 'ए बाबा' म्हणते. अदलाबदलीनंतरच्या सकाळी तिच्या शरीरातली आई स्वयंपाकघरातून सवयीने विचारते, "अहो, दूधवाल्याचे पैसे ठेवलेत का?" बाबा पेपर खाली करतात. पोरीकडे पाहतात. "ठेवलेत," म्हणतात, आणि पेपर पुन्हा वर घेताना तो उलटा धरतात. बस. यापुढे एकही संवाद घालू नका. तिकडे आईच्या शरीरातल्या सईला बाबांना हाक मारायची आहे. 'अहो' म्हणताना तिला अंगावर झुरळ पडल्यासारखं होतंय. ती "अं... ते..." करत थेट समोर जाऊन उभी राहते. आणि 'अहो बाबा' म्हणणाऱ्या घरात तर तिला नुसता 'बाबा' गिळायचा असतो: "अहो बा..." आणि तिथेच खोकला.

याच धाग्यातली एक काळजी. नवरा-बायकोच्या जवळिकीवर विनोद करायचा मोह होतो, तो टाळा. घरातली सगळी एकत्र बसून पाहणार आहेत. 2003 च्या सिनेमात लग्न दुसऱ्या दिवशीवर आलेलं आहे आणि आईच्या शरीरातली मुलगी होणाऱ्या नवऱ्याला सतत हातभर लांब ठेवते, यातच सगळं निभावून नेलंय. आपल्याकडे बाबांना रात्रपाळी द्या किंवा हॉलमध्ये आजी झोपू द्या, प्रश्न मिटला.

हाताला काम द्या

अदलाबदल झालेल्या दिवशी घरातच भांडत बसलेल्या आई-लेकी ही आणखी एक नेहमीची चूक. दोघींना घराबाहेर काढा आणि त्याच दिवशी, ठरलेल्या वेळी, चुकवता येणार नाही असं काहीतरी दोघींच्या गळ्यात टाका. ॲनाच्या बँडची ऑडिशन आणि टेसच्या लग्नाच्या आदल्या रात्रीचं जेवण एकाच संध्याकाळी येतं, म्हणून तो सिनेमा शेवटपर्यंत धावतो.

काम असं निवडा की ते येणाऱ्याला सोपं आणि न येणाऱ्याला अशक्य. एका संहितेत आई एसटीत कंडक्टर होती, आणि मला वाटतं याहून चांगला पेशा सापडणार नाही. वाई-सातारा गाडी, खच्चून भरलेली. सई आईच्या खाकीत, हातात तिकीट मशीन. एक बेल दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते, एवढंही तिला माहीत नाही. ती घाबरून दोरी तीनदा ओढते आणि ड्रायव्हर मागे वळून बघतो. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढे मोफत, पासष्ट ते पंचाहत्तरच्या पुरुषांना अर्धं. समोर एक आजी, आधार कार्ड पदराच्या गाठीत, आणि ती गाठ काही सुटत नाही. मागून वीस जण "ओ बाई, पुढं सरका" करतायत. सई रोज संध्याकाळी आईला म्हणायची, "नुसती तिकीटं तर फाडायची असतात." हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांत पेरलं असेल तर या प्रसंगात कुणी एक शब्दही समजावून सांगावा लागत नाही.

शरीर बदललं तरी कसब मनाबरोबर जातं, हा नियम एकदा ठरला की मोडू नका. 2003 च्या सिनेमात लेकीच्या शरीरातल्या आईला गिटार येत नाही. ती मंचावर नुसती बोटं फिरवते आणि खरी गिटार विंगेमागे आईच्या शरीरातली ॲना वाजवते. लेखकांनी पळवाट काढली असती तर सिनेमातला सगळ्यात सुंदर क्षण हातचा गेला असता.

जादू कुणाच्या माथी मारता?

ॲन्स्टीच्या कादंबरीतला जादूचा दगड हिंदुस्थानातून आलेला आहे आणि त्याचं नाव चक्क 'गरुड दगड' आहे. तेव्हाच्या इंग्रजांना आपण म्हणजे जादूटोणा वाटायचो. 2003 मध्ये तीच जबाबदारी चिनी रेस्टॉरंटच्या मालकिणीच्या आईवर आणि तिच्या फॉर्च्यून कुकीवर आली आणि त्याबद्दल त्या सिनेमावर टीका झाली, ती रास्त होती. 2025 मध्ये निशा गणात्रा यांनी पुढचा भाग केला, त्यात हे काम एका ज्योतिषीणबाईकडे आहे. आपल्याकडच्या संहितांत या जागी पाड्यावरची म्हातारी, फकीर नाहीतर भगत येतो. कृपा करून आणू नका. मेरी रॉजर्स यांच्या कादंबरीत अदलाबदल कशी झाली ते शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही आणि वाचकांचं काही अडलं नाही. दोघी एकाच क्षणी एकच वाक्य बोलल्या आणि दिवा गेला, एवढं पुरतं.

त्याच 2025 च्या सिनेमात चौघींची अदलाबदल आहे. त्यांच्याकडे मुरलेल्या नट्या आणि कॅमेऱ्याचा क्लोजअप आहे. रंगमंचावर पहिल्या प्रयत्नात दोघींच्या पुढे जाऊ नका.

परतीची वाट

'चोवीस तास संपले आणि सगळं जाग्यावर आलं' हा शेवट प्रेक्षकांची फसवणूक आहे. महाभारतात ययाती पुरूचं तारुण्य घेतो, ते मुदत संपली म्हणून नुसतं निसटत नाही. भोगून तृप्ती होत नाही हे उमगल्यावर तो स्वतः ते मुलाला परत करतो. ती गोष्ट विनोदी नाही, पण परतीचा कायदा तोच आहे. ॲनाला आईचं लग्न नको असतं. शेवटी लग्न पुढे ढकलायची मोकळीक खुद्द आईच तिला देते. ॲना आईच्या तोंडून त्याऐवजी त्या माणसाचं घरात स्वागत करते आणि तिथे अदलाबदल मोडते. तुमच्या सईनेही आईसाठी स्वतःच्या मनाविरुद्ध एक गोष्ट करायला हवी, आणि आईनेही. 'आई, मला आता सगळं कळलं' हे वाक्य जिथे लिहिलं असेल तिथे ते खोडा आणि तिच्या हातात काहीतरी करायला द्या.

आता लिहितानाची एक सवय. अदलाबदलीनंतर संहितेत संवादाच्या आधी मनाचं नाव ठळक लिहा आणि शरीराचं कंसात, शेवटपर्यंत तसंच. मध्येच उलटं केलंत तर तालमीत गोंधळ होतोच. संहिता पूर्ण झाली की दोन्ही नट्यांना समोरासमोर बसवा, नावं झाकून फक्त संवाद वाचायला लावा आणि तिसऱ्या कुणाला तरी ओळखू द्या, हे आई बोलतेय की लेक. जिथे तो अडखळेल तिथे पेन्सिलीने खूण करा. पहिल्या वाचनात वीस-पंचवीस खुणा पडल्या तरी घाबरू नका. त्यातल्या निम्म्या तरी 'अहो' आणि 'अगं'नेच मिटतात.