‘शिक्कामोर्तब’ लिहिण्यापूर्वी : सर्वोच्च न्यायालयाची बातमी कशी वाचावी, कशी लिहावी

ठाण्यातल्या एका छोट्या मराठी दैनिकात न्यायालयीन बातम्या पाहायला लागून मला बरीच वर्षे झाली, तरी ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द टाइप करताना हात अजूनही थबकतो. उमेदवारीच्या काळात जागेच्या एका वादात उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धची याचिका दिल्लीत फेटाळली गेली आणि मी ‘सर्वोच्च न्यायालयाचेही शिक्कामोर्तब’ असा मथळा देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी कोर्ट नाक्यावर चहा घेताना एका ज्येष्ठ वकिलांनी आमचा अंक माझ्यापुढे ठेवला, त्यावर आदेशाची प्रत ठेवली आणि म्हणाले, ‘यात शिक्का कुठे आहे, तेवढे दाखवा.’ आदेश जेमतेम दोन ओळींचा होता : हस्तक्षेप करण्याची आमची इच्छा नाही, विशेष अनुमती याचिका फेटाळण्यात येते. कारण एकही दिलेले नव्हते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 136 खालील ही याचिका म्हणजे अपील करू देण्याची विनंती असते. ती कारणे न देता फेटाळली, तर न्यायालयाने दार उघडले नाही एवढाच तिचा अर्थ. उच्च न्यायालयाचा निकाल त्या पक्षकारांपुरता कायम राहतो, पण तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होत नाही आणि अनुच्छेद 141 प्रमाणे देशभर बंधनकारक असा कायदाही त्यातून निर्माण होत नाही. 2000 साली कुन्हायम्मेद विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे सविस्तर सांगितले आहे. फेटाळताना कारणे दिली असतील आणि त्यात कायद्याविषयी काही मांडले असेल, तर तेवढे विधान मात्र बंधनकारक ठरते. कारणे न देता याचिका फेटाळली असेल, तेव्हा ‘सर्वोच्च न्यायालयाचा हस्तक्षेपास नकार’ हा मथळा रुक्ष असला तरी खरा असतो.

म्हणून बातमी हाती येताच पहिला प्रश्न विचारावा तो असा की, हे नेमके काय आहे : सुनावणीतले बोलणे, त्या दिवसाचा आदेश, की अंतिम निकाल? न्यायमूर्ती सुनावणीत वकिलांना अडचणीचे प्रश्न विचारतात, कधी मुद्दाम विरुद्ध बाजू लावून धरतात, आणि त्यातले एखादे धारदार वाक्य दुपारपर्यंत मोबाइलवर फिरू लागते. निवडणूक आयोगावर खुनाचा गुन्हा दाखल व्हायला हवा, असे एप्रिल 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सुनावणीत काढलेले उद्गार आठवावेत. आयोग त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. 6 मे 2021 रोजी न्यायालयाने सांगितले की तोंडी उद्गार हे अधिकृत निकालाचा भाग नसल्यामुळे ते वगळण्याचा प्रश्नच येत नाही, मात्र त्यांच्या वार्तांकनावर बंदी घालण्यासही नकार दिला. आपल्याला यातून घ्यायचे ते इतकेच की तोंडी उद्गार जरूर छापावेत, पण पहिल्याच वाक्यात ‘तोंडी’ हा शब्द असावा. ‘न्यायालयाने ताशेरे ओढले’ ही शब्दयोजना लेखी आदेशातील टीकेसाठी राखून ठेवावी. ‘दणका’, ‘चपराक’ आणि ‘फटकारले’ यांच्याविषयी मी काही बोलत नाही, आमच्या मुद्रितशोधकांनी ते शब्द बघून कधीच हात टेकले आहेत.

नोटीस निघणे हाही विजय नसतो, दुसऱ्या बाजूला बोलावणे गेलेले असते इतकेच. ‘स्थगिती’ आणि ‘जैसे थे’ यांतही फरक करावा : पहिल्यात खालच्या आदेशाची अंमलबजावणी थांबते, तर दुसऱ्यात दोन्ही पक्षांना आहे त्या स्थितीत राहावे लागते.

अंतिम निकाल आला असेल तर तो पहिल्या पानापासून वाचायला बसू नये. आधी पीठ किती जणांचे आहे, मते किती आहेत आणि कोण कोणाशी सहमत आहे, हे एका कागदावर मांडावे. 5 मे 2021 चा मराठा आरक्षणाचा निकाल यासाठी उत्तम वस्तुपाठ आहे. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 2018 चा आरक्षण कायदा एकमताने रद्द केला आणि मंडल आयोगाविषयीच्या इंद्रा साहनी निकालातील आरक्षणाच्या 50 टक्क्यांच्या मर्यादेचा फेरविचार नको, हेही एकमताने सांगितले. 3 विरुद्ध 2 अशी विभागणी होती ती 102 व्या घटनादुरुस्तीनंतर मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार उरतो का, या प्रश्नावर. गंमत अशी की न्या. अशोक भूषण यांनी स्वतःसाठी आणि न्या. अब्दुल नझीर यांच्यासाठी लिहिलेले मत या प्रश्नावर अल्पमतात आहे. न्या. रवींद्र भट, न्या. नागेश्वर राव आणि न्या. हेमंत गुप्ता यांचे बहुमत न पाहता जो भूषण यांच्या मतावरून बातमी करील, तो राज्यांचा अधिकार शाबूत राहिला असे लिहून बसेल. प्रत्यक्षात तो गेला असा निर्णय झाला आणि त्याच वर्षी 105 वी घटनादुरुस्ती करून संसदेला तो राज्यांना परत द्यावा लागला.

यानंतर थेट शेवट गाठावा. निष्कर्ष आणि दिलासा या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या एकाच वाक्यात कोंबल्या की घोटाळा होतो. 11 मे 2023 रोजी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा निकाल आला तेव्हा दोन्ही गटांनी तो आपलाच विजय असल्याचे सांगितले, आणि दोघांच्या हाती निकालातलेच एकेक वाक्य होते. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, हा निष्कर्ष होता. उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वीचे सरकार परत आणता येणार नाही, हे दिलाशाविषयीचे उत्तर होते. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा, असे सांगण्यात आले. ज्यांचे राजकारण ठाण्यातच घडले त्या तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याविषयीचा हा निकाल असल्यामुळे आमच्या कार्यालयातले फोन दिवसभर थांबत नव्हते. त्या दिवशी आम्ही दोन रकाने आखले, एकात ‘न्यायालयाने काय चूक ठरवले’ आणि दुसऱ्यात ‘न्यायालयाने काय बदलले’. तेव्हापासून ही सवय मी नव्या वार्ताहरांना पहिल्याच आठवड्यात लावतो.

सर्वसामान्य वाचकाचे खरे नुकसान होते ते अपवाद वगळल्यामुळे. 13 नोव्हेंबर 2024 च्या पाडकामविषयक निकालानंतर ठाण्याजवळच्या दिवा गावातले एक गृहस्थ मोबाइलवरचा मथळा घेऊन आमच्याकडे आले : ‘आता 15 दिवसांच्या नोटिशीशिवाय घर पाडता येणार नाही.’ मथळा खोटा नव्हता. न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्या पीठाने कारणे दाखवा नोटिशीला किमान 15 दिवस आणि पाडकामाचा आदेश मिळाल्यानंतर आणखी 15 दिवस दिले आहेत. मात्र त्याच निर्देशांत असेही म्हटले आहे की रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना आणि जिथे न्यायालयानेच पाडण्याचा आदेश दिला आहे अशा प्रकरणांना हे लागू नाही. या गृहस्थांच्या इमारतीबाबत न्यायालयाचा आदेश झालेला होता. तो परिच्छेद मी त्यांना मराठीत वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि वकिलाचा पत्ता विचारला. म्हणून निर्देशांच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा ओळी तरी वाचाव्यातच.

मूळ प्रत मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर डायरी क्रमांक, प्रकरण क्रमांक किंवा पक्षकाराचे नाव टाकून आदेश मोफत पाहता येतात. अलीकडच्या निकालांना तटस्थ उद्धरण क्रमांक, म्हणजे न्यायालयानेच दिलेला ओळख क्रमांकही असतो, उदाहरणार्थ पाडकामाचा निकाल 2024 आयएनएससी 866 असा शोधता येतो. काही निकालांची मराठी भाषांतरेही तिथे आहेत. समजून घेण्यासाठी ती वापरावीत, पण अवतरण देण्याआधी इंग्रजी मूळ पाहावे, कारण अधिकृत पाठ तोच मानला जातो. 27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठांच्या सुनावणीचे थेट प्रक्षेपणही होऊ लागल्यामुळे कोण काय म्हणाले हे आता घरबसल्या पडताळता येते.

शेवटचे काम वहीचे आहे. प्रत्येक प्रकरणापुढे तारीख, आदेशाचा प्रकार आणि पुढची तारीख लिहावी. दहीहंडीचीच नोंद पाहा : 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 20 फुटांची आणि 18 वर्षे वयाची मर्यादा घातली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवरील बंधनाला स्थगिती दिली, 2016 मध्ये दोन्ही मर्यादा पुन्हा लागू झाल्या आणि ठाण्याच्या नौपाड्यात ‘कायदेभंग’ म्हणून उंच हंडी लागली, मग प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले आणि ऑगस्ट 2017 मध्ये उंचीचे बंधन उठून 14 वर्षांखालील मुलांना सहभागी करून न घेण्याची राज्य सरकारची हमी उरली. गोकुळाष्टमी जवळ आली की 20 फुटांची जुनी बातमी कोणीतरी हमखास आजची म्हणून पाठवतो. मी वहीतले ते पान मोबाइलवर टिपून ठेवले आहे आणि तेच उत्तरादाखल पाठवून देतो.