लोड उचलण्याआधी माणसं कुठं उभी राहतील ते ठरवा

एकवीस वर्षं मी मोबाइल क्रेनबरोबर रिगर (लोड बांधणारा) आणि सिग्नलमन (ऑपरेटरला इशारे देणारा) म्हणून काम केलं. या काळात माझ्या डोळ्यांदेखत जे जखमी झाले, त्यांतला ऑपरेटर एकच. बाकी सगळे खालचे: स्लिंग (लोड बांधायचा पट्टा किंवा दोर) लावणारे, लोड हातानं धरणारे, काही नुसते बघायला थांबलेले. म्हणून क्रेन जागेवर आली की मी आधी माणसांच्या जागा ठरवतो.

रिकामा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, हळूहळू पूर्ण फिरवायला सांगा आणि काउंटरवेटचं (तोल राखायला मागे लावलेल्या वजनाचं) मागचं टोक कुठवर येतं ते जमिनीवर फक्कीनं आखा. त्या वर्तुळाच्या थोडं बाहेरून दोरी बांधा. काउंटरवेट आणि भिंत किंवा ट्रक यांच्यात किमान साठ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. तेवढी मिळत नसेल, तर त्या फटीत कुणाला शिरताच येणार नाही असा अडसर लावा. ऑपरेटरचं लक्ष हुकाकडे असतं. पाठीमागे पाण्याची बाटली घ्यायला गेलेला माणूस त्याला दिसत नाही.

मग जमीन. समजा एका आउटरिगरवर, म्हणजे क्रेन स्थिर राहावी म्हणून बाजूला काढलेल्या आधारावर, ३६ टन भार आला. साठ बाय साठ सेंटिमीटरच्या पायाखाली तो दर चौरस मीटरला १०० टन होतो. त्याच पायाखाली १.२ मीटर बाय १.२ मीटरची, न वाकणारी मॅट ठेवली की २५ टनांवर येतो. पातळ प्लेट मधेच वाकते, मग तिच्या कडांचा काही उपयोग राहत नाही. बूम ज्या कोपऱ्यावर फिरतो त्या जॅकवर (आउटरिगरच्या उभ्या पायावर) सगळ्यात जास्त भार येतो, म्हणून चारही ठिकाणी सारखीच काळजी घ्या. आउटरिगर पूर्ण बाहेर काढा, चाकं जमिनीवरून उचला, पातळी दाखवणारा बबल मधोमध आणा. खड्डा असेल तर तो जितका खोल, किमान तितकं अंतर त्याच्या काठापासून ठेवा.

बुजवलेला चर वरून कळत नाही. एकदा आम्हाला तो कुणी सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही. बूम त्या बाजूला आला आणि जॅक वीतभर खचला. ऑपरेटरनं लगेच लोड खाली घेतला, पण माझा जोडीदार तो हातानं सावरत होता, त्याचा पाय कडेखाली आला. तीन बोटं मोडली. त्या दिवसापासून मी जागेच्या मालकाला सरळ विचारतो: इथं खाली काय पुरलंय, कधी खोदलं होतं? आणि लोड सावरायला हात कधीच लावत नाही. दोन टोकांना टॅगलाइन, म्हणजे लोड सावरायची दोरी, बांधतो, लांबून धरतो, मनगटाला गुंडाळत नाही.

वजन कागदावरून घ्या. त्यात हूक ब्लॉक (हूक आणि त्याच्या पुल्या), स्लिंग, शॅकल (स्लिंग जोडायची लोखंडी कडी) यांचं वजन मिळवा. रेडियस क्रेनच्या पुढच्या बंपरपासून मोजू नका, ती फिरते त्या मध्यापासून हुकाच्या ओळंब्यापर्यंत मोजा. लोड घेतला की बूम किंचित वाकतो आणि रेडियस वाढतो, म्हणून चार्टच्या, म्हणजे किती रेडियसला किती वजन उचलता येतं त्या तक्त्याच्या, अगदी काठावरचं काम घेऊ नका. लोड आडवा ओढून जवळ आणायचा तर मुळीच नाही.

स्लिंगचा कोन नवख्यांना फसवतो. १० टनांचा लोड दोन पायांच्या स्लिंगवर आहे असं धरा. आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक पायावर सुमारे ५.८ टन ताण येतो, ४५ अंशांना ७.१ आणि ३० अंशांना पूर्ण १० टन.

बोटं सगळ्यात जास्त चिरडतात ती ताण घेताना. स्लिंग नीट बसावी म्हणून माणूस ती धरून ठेवतो आणि वरून हूक चालूच असतो. माझी पद्धत अशी: थोडा ताण घेतला की थांब. सगळ्यांनी हात बाजूला काढून मला दाखवायचे. मगच उचल, तीही वीतभर. तिथं थांबून ब्रेक धरतोय का, लोड तिरपा होतोय का, जॅक खचतोय का ते बघा. इशारे एकानंच द्यायचे. थांबण्याचा इशारा मात्र कुणीही दिला तरी ऑपरेटरनं थांबायचं.

वाऱ्याची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत असते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. रुंद पॅनेल असेल तर मी मर्यादेच्या बऱ्याच आधी काम थांबवतो.

विजेच्या तारा जवळ असतील तर पहिलं काम पुरवठा बंद करून घेणं. तारेत वीज आहे असंच धरून चाला. ५० किलोव्होल्टपर्यंत ३ मीटर हे अंतर अगदी किमान आहे, मी दुप्पट धरतो आणि फक्त अंतराकडे बघायला एक माणूस ठेवतो. बूम तारेला लागलाच, तर ऑपरेटरनं केबिनमध्येच बसून राहायचं. खालच्यांनी क्रेनला, लोडला, टॅगलाइनला हात लावायचा नाही, लांब व्हायचं. आग लागली म्हणून उतरावंच लागलं, तर दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, क्रेन आणि जमीन एकाच वेळी स्पर्शायची नाहीत, आणि पाय जमिनीवरून न उचलता घासत घासत दूर जायचं.

लोड खाली येण्याआधी तो टेकवायला स्लीपर (जाड लाकडी ठोकळे) मांडून ठेवा, येताना खाली हात घालू नका. टेकला की स्लिंग थोडी सैल करा आणि तो स्वतःच्या आधारानं उभा राहतोय का बघा. स्लिंग हातानं काढा. हुकानं खेचून काढली तर ती कुठंतरी अडकते आणि ठेवलेला लोड आडवा होतो.