आखाजीची (अक्षय तृतीयेची) वाट पाहू नका, सरकीची ढेप (पेंड) होळीलाच सुरू करा

होळी झाली की आपल्याकडचं गवत ढोरांचं पोट भरतं, पण अंगी लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला असो की पांझरेच्या काठाला, दिवसभर चरून आलेल्या गाईचं पोट गच्च दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. वाळल्या गवतात प्रथिनं 3-4 टक्केच उरतात. चाऱ्यात ती 7 टक्क्यांच्या खाली गेली की पोटातले चारा पचवणारे जिवाणू कमी पडतात आणि खाल्लेलंही नीट पचत नाही.

दरवर्षी गाई जातात त्या एकाच हयगयीने. गाय गाभण आहे, दूध देत नाही, म्हणून तिची ढेप बंद. वासरू पोटात सर्वात जास्त वाढतं ते शेवटच्या तीन महिन्यांत, आणि नेमकी तेव्हाच ती उन्हात नुसत्या काडीवर फिरते. आखाजीला गाय अशक्त होऊन बसते, मग ढेपेचं पोतं येतं. बसलेली गाय ढेपेने उठत नाही.

म्हणून सातव्या महिन्यापासून गाभण गाईला रोज 2 किलो सरकी ढेप द्या, दोन वेळा विभागून. भाकड चरणाऱ्या गाईला 1 किलो. बुरशीची ढेप स्वस्त मिळाली तरी आणू नका.

अंगावर बरगड्या दिसायची वाट पाहू नका, आधी शेण बघा. शेणाचा पो पसरायला हवा. उतरंडीसारखा थरावर थर चढून घट्ट पडत असेल तर प्रथिनं कमी पडताहेत. हा गोठ्यातला अंदाज आहे, पण माझा त्यावर भरवसा आहे.

दुकानात गेलात की लिव्हर टॉनिक आणि कॅल्शियमच्या बाटल्या पुढे येतील. उपाशी गाईला बाटली काय करणार? तो पैसा ढेपेत घाला. घ्यायचंच तर आयएसआय मार्कचं खनिज मिश्रण घ्या, रोज 50 ग्रॅम. ढोरं हाडं, चिंध्या चघळत असतील तर स्फुरद (फॉस्फरस) कमी आहे, तिथे हे टाळू नका.

कडबा, गव्हाचा भुसा घरचा असेल तर प्रक्रिया करा. 100 किलो कुट्टीला (बारीक तोडलेल्या चाऱ्याला) 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा, प्लास्टिकने हवाबंद करा. 21 दिवसांनी उघडा, वास उडू द्या, मग थोडा थोडा घाला. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. युरियाचं पाणी ढोराच्या तोंडाला लागलं तर जनावर काही तासांत जातं, बादली उघडी ठेवू नका.

बाकी रोजचं:
- चराई पहाटे आणि चारनंतर
- सावलीत दिवसातून तीन-चारदा पाणी
- मीठ 30 ग्रॅम
- कडब्याची कुट्टीच, अख्खा कडबा नाही
- रावेर-यावलकडे केळीचा खांब चिरून कडब्यात मिसळून. त्यात बहुतेक पाणीच असतं, एकट्यावर ठेवू नका
- जंतनाशक पशुवैद्यकाला विचारून

आणि वळवाचा पाऊस झाला की ज्वारीच्या खोडव्याला कोवळी फूट येते. खुराकाविना राहिलेली ढोरं त्यावर तुटून पडतात आणि किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागते. त्या वावरात ढोरं सोडू नका. फूट खाऊन जनावर धापा टाकू लागलं, थरथरून पडलं, तर घरचे उपाय करत बसू नका. पशुवैद्यकाला लगेच बोलवा, इंजेक्शन वेळेत मिळालं तरच ते वाचतं.