लघुप्रबंधाचा विषय आधी बारीक करा

‘ऊसतोड महिलांचे प्रश्न’ हा एम.ए.च्या लघुप्रबंधाचा विषय होत नाही; ती फार तर पाटी झाली. उत्तर शोधता येईल असा प्रश्न हवा. ‘बीड जिल्ह्यातल्या अमुक दोन गावांतल्या ऊसतोड महिला आजारपणात खाडा कधी करतात, कधी टाळतात?’ इतकं बारीक केलं की कोणाला काय विचारायचं ते आपोआप ठरतं.

मग सादर करायच्या तारखेपासून मागे मोजा. शेवटचे तीन आठवडे संदर्भसूची आणि मुद्रितशोधनाला, त्याआधीचे दोन महिने लेखनाला. क्षेत्रकार्याची वेळ मात्र हंगाम ठरवतो. दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीसाठी गाव सोडतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. जानेवारीत गावात गेलात तर बहुतेक घरांत म्हातारी माणसं आणि मुलंच भेटतील.

प्रश्नावली आधी पाच-सहा जणींना विचारून बघा. ‘तुमची मजुरी किती?’ हा साधा प्रश्न इथे फसतो. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ दिलेली रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला मिळते, बाईच्या नावाचा वेगळा आकडाच नसतो. हे चाळीस मुलाखतींनंतर कळलं तर सगळं पुन्हा करावं लागतं.

प्रस्तावना शेवटी लिहा. संशोधनपद्धतीचं प्रकरण गावातून परतल्याच्या आठवड्यातच लिहून काढा, नंतर तपशील निसटतात.