लाभांशातून वर्षाला किती पैसे येतील, याचा अंदाज कसा काढावा

वणी तालुक्यात कोळसा खाणीसाठी जमीन गेलेल्या आणि मोबदल्याचा काही भाग शेअरमध्ये घातलेल्या घरांचे हिशेब मी अनेक वर्षांपासून मांडून देत आलो आहे. बहुतेक जण मोबाईलवर आलेला 'डिव्हिडंड यील्ड'चा, म्हणजे वर्षाचा लाभांश शेअरच्या बाजारभावाच्या किती टक्के आहे याचा, टक्का घेऊन येतात आणि त्याने गुंतवणुकीला गुणले की वर्षाचे उत्पन्न निघते, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. शेअरचा भाव कोसळला की हा टक्का आपोआप वाढलेला दिसतो, म्हणून तो हिशेबातून काढून टाका.

डीमॅट खात्यातून प्रत्येक कंपनीचे किती शेअर आहेत, ते कागदावर उतरवून घ्या.

आता प्रत्येक कंपनी एका शेअरमागे वर्षाला किती रुपये देईल, हे ठरवायचे आहे, आणि सारी मेख येथेच आहे. कंपन्या अनेकदा लाभांश टक्क्यांत जाहीर करतात आणि तो टक्का बाजारभावावर नसून शेअरच्या दर्शनी किमतीवर, म्हणजे कंपनीने शेअरवर नोंदलेल्या मूळ किमतीवर असतो. मी स्वतः येथे ठेचकाळलो आहे. एका कंपनीने ४०० टक्के लाभांश जाहीर केल्याचे वाचून मी दर्शनी किंमत १० रुपये गृहीत धरली, हजार शेअरचे ४०,००० रुपये येणार म्हणून कृषी केंद्रातून बियाणे आणि खत उधारीवर उचलले. दर्शनी किंमत १ रुपया होती. बँकेत पासबुक छापून घेतले, तेव्हा त्या कंपनीच्या नावापुढे ४,००० रुपये दिसले आणि उरलेली उधारी फेडायला कापूस निघेपर्यंत थांबावे लागले. तेव्हापासून दर्शनी किंमत तपासल्याशिवाय मी कोणताही टक्का मानत नाही.

रुपये कळले, तरी कोणत्या वर्षाचे धरायचे, हा प्रश्न उरतोच. केवळ गेल्या वर्षाचा आकडा कधीही धरू नका. वेदांता कंपनीने २०२२-२३ मध्ये शेअरमागे एकूण १०१.५० रुपये दिले आणि पुढच्याच वर्षी २९.५० रुपये, पहिल्या आकड्यावर घरखर्च बसवला असता, तर वर्षभरात उत्पन्न एक तृतीयांशाच्याही खाली आले असते. आपल्या वेकोलिची (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड) मूळ कंपनी असलेल्या कोल इंडियाने २०१९-२० मध्ये १२ रुपये दिले होते आणि २०२३-२४ मध्ये २५.५० रुपये. आकडा वाढला ही आनंदाची गोष्ट आहे, तरीही त्या पाच वर्षांवरून अंदाज काढायचा झाल्यास मी १२ रुपयेच धरीन. पाच वर्षांतला सर्वांत कमी लाभांश घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. सरासरी घेऊ नये, कारण एखाद्या भरघोस वर्षाने ती फुगते. विशेष लाभांश, म्हणजे एखाद्या वेळी नेहमीच्या लाभांशाखेरीज दिलेली रक्कम, पूर्णपणे वगळावा. मधल्या काळात बोनस (फुकट) शेअर मिळाले असतील किंवा एका शेअरचे अनेक शेअर होऊन विभाजन झाले असेल, तर जुने आकडे त्याच प्रमाणात कमी करावे लागतात. एका शेअरमागे एक फुकट शेअर मिळाल्यावर, म्हणजे एकास एक बोनसनंतर, पूर्वीचे २० रुपये आजच्या एका शेअरसाठी १० रुपयेच ठरतात.

या रकमेला शेअरसंख्येने गुणा आणि सर्व कंपन्यांची बेरीज करा. म्युच्युअल फंडाचा लाभांश मी या बेरजेत घेत नाही, कारण ते पैसे तुमच्याच युनिटच्या मूल्यातून वजा होऊन येतात.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी लाभांश करमुक्त नाही. एप्रिल २०२० पासून तो भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभांश मिळाल्यास सर्वसाधारणपणे १० टक्के कर आधीच कापला जातो, आणि पॅन जोडलेला नसल्यास २० टक्के. उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मागता येते.

पैसे कोणत्या महिन्यात येतील, हेही त्याच कागदावर लिहा. अंतिम लाभांशाला, म्हणजे आर्थिक वर्ष संपल्यावर सुचवलेल्या लाभांशाला, भागधारकांच्या वार्षिक सभेची मंजुरी लागते, त्या सभा बहुधा जुलै ते सप्टेंबरमध्ये होतात आणि मंजुरीनंतर ३० दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. म्हणून मृगाच्या पेरणीसाठी हे पैसे मोजू नका. कपाशीची शेवटची फवारणी किंवा रब्बीच्या हरभऱ्याचे बियाणे यांच्यासमोर ते मांडा.